खुर्चीवरचा रुमाल

१

दीनानाथरावांना लखनौत येऊन तेवीस वर्षं झाली होती आणि तेवीस वर्षांत त्यांनी या शहराला एकदाही माफ केलं नव्हतं. मूळचे वाईचे. सरकारी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. आलमबागेत स्वतःचा फ्लॅट, जवळच मेट्रो, शर्वरी ही एकुलती मुलगी इथंच शिकून बेंगळुरूला नोकरीला लागलेली. म्हणजे शहराने त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. पण त्यांचं म्हणणं असं, की इथल्या माणसाला स्वतःला घाई नसते आणि दुसऱ्याला घाई असू शकते हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही.

डॉक्टर निगमांच्या दवाखान्यात हे मत पक्कं झालं. मे महिन्यात त्यांच्या बायकोच्या, मीनाक्षीच्या, मानेत गाठ हाताला लागली आणि कोणीतरी सरोजिनी नगरच्या या डॉक्टरांचं नाव सुचवलं. फोनवर वेळ मिळाली दहाची. दीनानाथराव पावणेदहाला हजर. डॉक्टर आले साडेबाराला. हॉलमध्ये भिंतीला लागून एका रांगेत चौदा खुर्च्या होत्या. पहिली डॉक्टरांच्या दाराशी, चौदावी कूलरजवळ. आत एक पेशंट गेला की बाकीचे सगळे उठून एकेक खुर्ची पुढे सरकत. कुणाची कुरकुर नाही. एक बाई तर पिशवीतली भेंडी काढून निवांत पुसत बसली होती.

"मेंढरं आहेत नुसती," दीनानाथराव मोठ्याने म्हणाले. परक्या शहरात मराठीचा तेवढा एक फायदा असतो.

दाराशी टेबल टाकून राजाराम नावाचा कंपाउंडर बसायचा. डॉक्टर कधी येणार, असं त्याला विचारलं.

"आते होंगे, बाबूजी."

"कब?"

"बस, आते ही होंगे. आप तशरीफ़ रखिए."

हे असं तीनदा झाल्यावर दीनानाथराव व्हरांड्यात गेले. तिथे वॉचमन सापडला. आपल्या ब्रँचमध्ये टोकनची शिस्त कशी कडक होती हे त्याला अर्धा तास ऐकवलं. जेवणाच्या सुट्टीत काउंटरसमोरची माणसं साडेतीनपर्यंत उभी असायची, हे मात्र सांगायचं राहिलं. तेवढ्यात आत मीनाक्षीचा नंबर आला. तिने दोनदा व्हरांड्याच्या दाराकडे पाहिलं आणि एकटीच आत गेली.

घरी चहा ठेवताना मीनाक्षी म्हणाली, "डॉक्टर गाठ म्हणाले ना, त्याच्या पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. नुसती मान हलवत बसले."

"मग विचारायचं पुन्हा."

"अहो, रिपोर्ट सांगतील त्या दिवशी तुम्ही आत या माझ्याबरोबर. बाकी काही नको मला. मला एकटीला नाही ऐकायचं ते. भांडायचं असेल तर घरी येऊन माझ्याशी भांडा."

"येणार म्हणजे काय, येणारच," दीनानाथराव म्हणाले आणि पेपर उघडला.

२

दुसऱ्या खेपेला गाठीत सुई घालून तपासणी होती. त्या दिवशी त्यांना तो रुमाल दिसला.

खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरायची ही रीत त्यांना नवी नव्हती. वाईच्या स्टँडवर त्यांनी स्वतः एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या होत्या, पण तेव्हा ते तरुण होते आणि त्यांना खरोखरच घाई होती. इथली माणसं रुमाल टाकून चहाला जातात, पान खायला जातात, घरी जाऊन जेवूनसुद्धा येतात, आणि गर्दीतला एकही माणूस त्या जागेला हात लावत नाही. गुडघे धरून म्हातारी माणसं उभी राहतील, पण रुमाल उचलणार नाहीत. याला इथे तहज़ीब म्हणतात. दीनानाथराव मूर्खपणा म्हणत.

हा रुमाल सहाव्या खुर्चीवर होता. पांढरा, बारीक निळ्या काठाचा, चौघडी घातलेला, इस्त्रीचा. शेजारी मलिहाबादहून आलेली एक बाई बसली होती, मांडीवर आंब्याची पिशवी. आतला पेशंट बदलला, सगळे उठले. बाईने आधी तो रुमाल दोन्ही हातांनी उचलून पुढच्या खुर्चीवर ठेवला, त्यावरून तळवा फिरवून तो सारखा केला, आणि मग स्वतः सरकली.

"ये किसका है?" दीनानाथरावांनी विचारलं.

"पता नहीं, भैया. किसी का होगा. आते होंगे."

असं करत करत रुमाल पाचवर आला, चारवर आला, दोनवर आला. दीनानाथराव उभ्या उभ्या त्याच्याकडेच पाहत होते. पहिल्या खुर्चीवर पोचल्यावर काय करणार ते बघायचं होतं त्यांना. पोचला. राजाराम टेबलावरून उठला. त्याने रुमाल तळहातावर घेतला, सगळी रांग ओलांडून गेला आणि कूलरजवळच्या चौदाव्या खुर्चीवर ठेवून आला. कोणी वर पाहिलंसुद्धा नाही.

मीनाक्षी तेव्हा तेराव्या खुर्चीवर होती. रांग सरकली तशी तिनेही शेजारचा रुमाल उचलून आपल्या सुटलेल्या खुर्चीवर ठेवला. तळव्याने सारखाही केला.

"तूसुद्धा?" दीनानाथराव म्हणाले.

"कुणाची तरी जागा असेल हो. आपलं काय जातंय?"

३

त्या दिवसाबद्दल त्यांनी घरी विचार केला नाही असं नाही. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. कोणीतरी रुमाल विसरून गेला, मूर्खांच्या रांगेने तो जपला, झालं. पण एक गोष्ट खटकत होती. पहिल्या खेपेला, मे महिन्यात, ते व्हरांड्यात जायला निघाले तेव्हा कूलरपाशी एक खुर्ची रिकामी दिसली होती. बसायला म्हणून ते वळले होते आणि बसले नव्हते. का बसले नव्हते? तिच्यावर काहीतरी होतं म्हणून. पांढरं.

तीन आठवडे एकाच माणसाचा रुमाल? त्याला इस्त्री कोण करतं? घामाचा, पानाचा एक डाग कसा नाही? दवाखान्यात चादरी असतात, नॅपकिन असतात, राजारामनेच कुठलातरी फडका जागा अडवायला ठेवला असेल. ओळखीच्या माणसाला मध्ये घुसवायची ही जुनी युक्ती आहे. बँकेत त्यांनी स्वतः अशा चार युक्त्या पकडल्या होत्या, दोन वापरल्या होत्या. उत्तर सापडलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. माणूस लबाड निघाला की दीनानाथरावांना नेहमीच बरं वाटायचं.

४

रिपोर्टच्या दिवशी मीनाक्षी सकाळपासून तयार होऊन बसली होती. रिपोर्ट लॅबमधून थेट डॉक्टरांकडे गेला होता. ई-रिक्षात तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि सरोजिनी नगर येईपर्यंत काढला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असं तिने भर रस्त्यात कधी केलं नव्हतं. दीनानाथरावांना अवघडल्यासारखं झालं. भीतीही वाटली, पण ती बोलून दाखवणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यांवर टीका केली.

हॉल भरलेला होता. मीनाक्षीला नववी खुर्ची मिळाली. दहाव्या खुर्चीवर रुमाल होता.

दीनानाथराव तिच्यासमोर उभे राहिले. अकरा वाजले, बारा वाजले. डॉक्टर आत होते, पण आत गेलेला पेशंट बाहेर यायला अर्धा अर्धा तास लागत होता. दोन वेळा रांग सरकली. मीनाक्षी सातवर आली, रुमाल आठवर आला. जूनचा उकाडा, कूलरचं पाणी संपलेलं. दीनानाथरावांचे गुडघे ठणकायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस उभा आणि वीतभर कापड बसलेलं.

"जरा बाथरूमला जाऊन येते," मीनाक्षी म्हणाली. तिने आपल्या खुर्चीवर पर्स ठेवली. "इथून हलू नका हं. शपथ आहे."

"नाही हलत."

ती गेली. दीनानाथरावांनी रुमालाकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. मलिहाबादची ती बाई आजही होती, पलीकडे नवव्या खुर्चीवर.

"ये सब नाटक है," ते तिला म्हणाले, आणि दोन बोटांच्या चिमटीत रुमाल उचलला.

तो उबदार होता. उन्हातून आणलेल्या कापडाची ऊब नव्हती ती, अंगात बारीक ताप असलेल्या माणसाच्या कपाळाची होती. चिमटीत त्याला वजनही होतं. दीनानाथरावांनी तो कूलरजवळच्या कचऱ्याच्या डब्यात, कापसाच्या बोळ्यांवर टाकला, चौकड्यांच्या शर्टाला हात पुसले आणि येऊन खुर्चीत बसले.

सगळा हॉल गप्प झाला असं त्यांना वाटलं. पण तसं नव्हतं. सगळे फक्त दुसरीकडे बघायला लागले होते.

५

बसल्यावर फार बरं वाटलं. पाय सैलावले, पाठ टेकली. खुर्ची अजून कोमट होती. एवढ्याशासाठी आपण दोन तास तिष्ठत उभे राहिलो याचा त्यांना राग आला आणि नेहमीप्रमाणे तो त्यांनी रांगेवर काढला. "देखा? कुछ हुआ?" ते बाईला म्हणाले.

बाईने वाकून, त्यांच्या पलीकडे मीनाक्षीच्या पर्सकडे पाहिलं आणि ती पडणार नाही अशी नीट आत सरकवली. तिचा दंड दीनानाथरावांच्या छातीवरून गेला. म्हणजे जायला हवा होता. त्यांना काही लागलं नाही.

तहज़ीब म्हणे, ते मनाशी म्हणाले. माणसाच्या अंगावरून हात घालतात.

राजाराम यादी घेऊन रांगेतून फिरत आला. एकेका खुर्चीसमोर थांबून नाव विचारत होता. दीनानाथरावांसमोर थांबला. "मीनाक्षी के साथ हैं," ते म्हणाले. "और कितनी देर लगेगी, ये बताओ पहले."

राजारामने बाईला विचारलं, "ये किसका है?"

"अभी तो एक साहब थे यहाँ," बाई म्हणाली. "आते होंगे."

"मैं बैठा हूँ," दीनानाथराव म्हणाले. आवाज बसका आला असावा. साखर उतरली असावी, सकाळपासून पोटात काही नव्हतं. उठून पाणी प्यावं म्हणून त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले, पण गुडघे फार जवळ आले होते, आणि हात कुठे होते ते नीट कळेना. मुंग्या आल्या की असं होतं. रक्त उतरलं की येईल ताळ्यावर. घाबरायचं कारण नाही. मीनाक्षी येईल, ती हात देईल.

६

मीनाक्षी आली. तिने आधी व्हरांड्याच्या दाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे, जिथे ते उभे होते. तिचा चेहरा उतरला. दीनानाथरावांना तो चेहरा माहीत होता. तीस वर्षांत तो त्यांनी पुष्कळदा पाहिला असावा, पण इतक्या जवळून, थांबून कधी पाहिला नव्हता.

"गेले पुन्हा," ती स्वतःशीच म्हणाली.

"अगं मी इथे आहे," ते म्हणाले. "मीनाक्षी."

ती बसली. शेजारच्या खुर्चीकडे तिचं लक्ष गेलं आणि ती जरा सावरली.

"आपका है?" बाईने विचारलं.

"हाँ, हमारे मिस्टर का रुमाल है। ये चौकड़ी वाला। मैं ही लाती हूँ उनके लिए। बाहर गए होंगे, आते ही होंगे।"

आणि तिने हात पुढे करून दीनानाथरावांना सारखं केलं. तळवा छातीपासून मांडीपर्यंत एकदा फिरला, अलगद, सुरकुती काढत. तिच्या बोटांना मळलेल्या कणकेचा वास होता. दीनानाथरावांनी ओरडायचा प्रयत्न केला. आयुष्यभर ज्या गोष्टीत ते तरबेज होते ती गोष्ट त्यांना आली नाही.

रांग सरकली. तिने त्यांना दोन्ही हातांनी उचललं आणि पुढच्या खुर्चीवर ठेवलं.

७

सातवर. सहावर. पाचवर. प्रत्येक वेळी तिचे हात. दर थोड्या वेळाने ती दाराकडे बघत होती आणि पदराने मान झाकत होती, गाठीच्या बाजूने. तिसऱ्या खुर्चीवर असताना तिचे ओठ हलायला लागले. काहीतरी म्हणत होती. "एकटीला नको, एकटीला नको," असं असावं.

दीनानाथरावांनी हिशेब मांडला. ती दुसऱ्या खुर्चीवर, आपण तिसऱ्या. मग ती पहिल्या, आपण दुसऱ्या. मग ती आत जाईल. ती मला उचलून बरोबर नेईल का? स्वतःचा रुमाल माणूस बरोबर नेतो. नेईलच. पर्समध्ये ठेवेल, हातात धरेल, रडली तर डोळे पुसेल. तेवढं चालेल. कशातही असो, आत असलं म्हणजे झालं. त्यांनी शब्द दिला होता.

"मीनाक्षी जी," राजारामने पुकारलं.

ती उठली. तिने हात पुढे केला, त्यांच्याकडे. आणि मग कूलरच्या बाजूने कोणीतरी चालत आलं.

दीनानाथरावांना खुर्चीच्या पातळीवरून जेवढं दिसायचं तेवढंच दिसलं. इस्त्रीची पँट. पांढरी बाही, तिच्या कडेला बारीक निळी रेघ. बाहीला कापसाचा एक तंतू चिकटलेला. बाही मीनाक्षीच्या कोपरापाशी गेली आणि तिथे थांबली.

"आलात?" मीनाक्षी म्हणाली. "मला वाटलं पुन्हा गेलात."

"नाही गेलो," तो म्हणाला. "इथेच होतो. घाबरू नकोस, मी आहे."

चांगलं मराठी होतं. वाईकडचं. तिने पर्स घेतली आणि पुढे केलेला हात मागे घेतला. दार उघडलं, आत पांढरा उजेड होता, त्यात त्या माणसाने मान थोडीशी वळवली. कान दिसला, गालाचा भाग दिसला, रोज दाढी करताना आरशात दिसायचा तोच. दीनानाथरावांनी डोळे मिटून घ्यायचा प्रयत्न केला, पण मिटायला काही नव्हतं.

८

वीस मिनिटांनी ती दोघं बाहेर आली. मीनाक्षी रडत होती आणि हसत होती. त्याने तिची पर्स आपल्या खांद्याला अडकवली होती. तिने तिथेच, पहिल्या खुर्चीपाशी उभं राहून शर्वरीला फोन लावला.

"साधी गाठ आहे गं. औषधाने जाईल म्हणाले."

"मम्मा, थैंक गॉड। और पापा? लड़े नहीं किसी से?"

"नाही गं. एक शब्द नाही. सबंध वेळ हात धरून बसले होते माझा. पहिल्यांदाच." तिने शेजारी पाहिलं. "हे बघ, अजूनही सोडला नाहीये."

दीनानाथरावांना आनंद झाला. हे सांगायलाच हवं, कारण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं फार नाही. गाठ साधी आहे हे ऐकून त्यांना सगळ्या अंगभर आनंद झाला, आणि तो आनंद संपेपर्यंत ती दोघं व्हरांडा ओलांडून गेली होती.

रांग सरकली तेव्हाच पुढच्या पेशंटने त्यांना पहिल्या खुर्चीवर ठेवलं होतं. आता राजाराम उठला.

९

चौदाव्या खुर्चीवरून सगळा हॉल दिसतो. डॉक्टर उशिरा येतात. माणसं सरकतात. भेंडी पुसतात, आंबे हुंगतात, एकमेकांना सुपारी देतात. दिवसातून दोनदा दीनानाथराव पहिल्या खुर्चीपर्यंत जातात, दोनदा परत येतात. राजारामचे हात स्वच्छ असतात, त्याबद्दल तक्रार नाही.

ते आता एकाच गोष्टीची वाट बघतात. एखादा उद्धट माणूस येईल. चारचौघांत आवाज चढवणारा, दोन बोटांच्या चिमटीत धरून भिरकावून देणारा. असा माणूस जगात फार दुर्मिळ नसावा असं त्यांना पूर्वी वाटायचं. पण लखनौ हे शहरच असं आहे. लोक येतात, रुमाल बघतात आणि भिंतीला टेकून उभे राहतात. दीनानाथराव त्यांना मनातल्या मनात मेंढरं म्हणतात, लाख शिव्या घालतात. मेंढरं सुपारी कातरत राहतात.

परवा एक आला होता. पन्नाशीचा, घामाघूम, घड्याळात बघणारा. राजारामशी दोनदा हुज्जत घालून झालेली. "ये क्या तमाशा है, आदमी खड़ा है और कपड़ा बैठा है?" असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. दीनानाथरावांना त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की तशी पोटच्या मुलीबद्दलही कधी आली नसेल. उचल, ते म्हणाले. उचल बाबा, फेक.

त्याने हात पुढे केला. बोटं अगदी जवळ आली. अंगठा काठाला लागला, आणि कापडाची ऊब त्याला जाणवली असावी.

"कोई बैठे हैं, भाई साहब," शेजारचं कोणीतरी हळूच म्हणालं. "आते होंगे."

माणूस शरमला. "अच्छा, अच्छा। माफ़ कीजिएगा," तो म्हणाला, आणि जाता जाता काठाला पडलेली सुरकुती त्याने अंगठ्याने नीट काढली.